येळवशीची वाट

मार्गशीर्ष महिना सरत आला की रेणापूरच्या शिवाराचे रूप पालटते. पहाटे रेणा नदीच्या काठाने धुक्याचा पातळ पदर पसरतो. ऊन वर येईपर्यंत ज्वारीच्या पानांवर दहिवर चमकत राहते. तुरीच्या शेंगा टपोरतात आणि हरभऱ्याच्या झुडपांना इवलीइवली फुले लागतात. अशा दिवसांत या भागातील मुलांना एका तिथीची ओढ लागलेली असते. ही तिथी म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. एरवी अमावास्या म्हटली की पुष्कळ लोक प्रवास टाळतात, शुभकार्य पुढे ढकलतात. पण या अमावास्येला अवघे गाव घराबाहेर पडते. पंचांगात तिला दर्शवेळा अमावास्या असे म्हटलेले आढळते. शहरी मंडळी तिला वेळ अमावास्या म्हणतात. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत व नांदेडकडील काही गावांत मात्र लहानथोरांच्या तोंडी तिचे नाव एकच आहे, येळवस.

रेणापूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. लातूरहून अंबाजोगाईकडे जाताना सुमारे वीस किलोमीटरांवर ते लागते. गावात रेणुकादेवीचे मंदिर आहे. जवळून वाहणारी रेणा नदी पुढे मांजरा नदीला मिळते. भोवतालची जमीन काळी आणि चिकण आहे. हे काळे रान मोठे विलक्षण असते. पावसाळ्यात ते पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; आणि मधल्या हिवाळ्यात, आकाशातून एक थेंबही पडत नसताना, पोटात साठवलेल्या ओलाव्यावर ज्वारी, हरभरा आणि करडई पोसते. येळवस हा या साठवलेल्या ओलाव्याचाच सण आहे, असे म्हटले तरी चालेल. या दिवशी लोक शेतावर चालत जातात, शेताची पूजा करतात आणि शेतानेच दिलेले अन्न शेतात बसून जेवतात.

'येळवस' या नावाचा माग काढत गेल्यास तो कर्नाटकात पोहोचतो. कन्नड भाषेत तिळाला 'एळ्ळु' म्हणतात, आणि बिदर, कलबुर्गी व विजयपूर या भागांत हीच अमावास्या 'एळ्ळु अमावास्ये' म्हणून साजरी होते. तिकडेही लोक असेच रानात जातात, आंबील पितात आणि मिसळीची भाजी खातात. यात नवल वाटण्याचे कारण नाही. मराठवाडा आणि बिदर-कलबुर्गी हे दोन्ही मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे भाग तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच मोडत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारावर राज्यांची पुनर्रचना झाली आणि सीमारेषेच्या अलीकडे मराठी व पलीकडे कन्नड असे दोन भाग पडले. आंबिलीच्या मडक्याला मात्र ती रेषा कधी दिसली नाही.

सणाची तयारी दोन दिवस आधीच सुरू होते. तयारीचा मान पहिल्याने आंबिलीला. तिची कृती घरोघरी थोडी निराळी असते. परंतु मुख्य गोष्ट सगळीकडे सारखीच. ज्वारीचे पीठ किंवा भरडलेली कणी ताकात कालवून मातीच्या मडक्यात ठेवतात. रात्रभरात ते मिश्रण आंबू लागते. ताकात असलेले सूक्ष्म जीव पिठातील व दुधातील साखरेचे आम्ल बनवतात, त्यामुळे आंबिलीला तिचा सुखद आंबटपणा येतो. सकाळी ती शिजवून, निववून, तिच्यात आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ आणि कोथिंबीर घालतात. मातीच्या मडक्याच्या अंगातून पाणी किंचित पाझरत राहते व त्याच्या बाष्पीभवनाने आतील आंबील गार राहते. या भागात अशा मडक्याला 'बिंदगी' म्हणतात. हा शब्दही कन्नडातूनच इकडे आलेला आहे.

दुसरा मान भज्जीचा. या शब्दाने वाचकांची फसगत होण्याचा संभव आहे. ही भज्जी म्हणजे तेलात तळलेली कांद्याची भजी नव्हे. ती अनेक भाज्यांची आणि ओल्या दाण्यांची दाटसर मिसळ आहे. तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, ओल्या भुईमुगाचे दाणे, वांगी, गाजर, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, पातीचा लसूण आणि हिरवी मिरची असे जे जे हाताशी असेल ते ते तीत पडते. दाणे आधी शिजवतात, पालेभाज्या मागाहून घालतात. नंतर ताकात किंवा पाण्यात कालवलेले बेसन आणि चिंचेचा कोळ घालून सारे एकजीव होईपर्यंत घोटतात. घोटण्याचे हे काम नेटाचे असते. ते बहुधा पहाटेच, चुलीच्या उजेडात चालते आणि त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. भज्जीत नेमक्या किती भाज्या असाव्यात यावर प्रत्येक घराचे मत ठाम असते. शेजारणीची भज्जी कितीही चांगली झाली तरी 'यंदा तिच्यात चाकवत कमी पडला' असे म्हणणारी एखादी आजी प्रत्येक वाड्यात सापडतेच.

याशिवाय बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे करतात, त्यांना उंडे म्हणतात. बाजरीला मराठवाड्यात सजगुरा असेही नाव आहे. तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, ज्वारीची भाकरी, धपाटे, गूळ घातलेली गव्हाची खीर, आंबट भात आणि शेंगदाण्याची चटणी, एवढा सारा संभार दुरड्यांत आणि पितळी डब्यांत भरला जातो. दुरडीवर पांढरे स्वच्छ धडपे पडते. सूर्य कासराभर वर आला की वाटा माणसांनी भरू लागतात.

पूर्वी या दिवशी बैलगाड्यांची रांग लागे. आज दुचाकी, ट्रॅक्टर आणि रिक्षाही शेताच्या बांधापर्यंत जातात. लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. शाळा, कचेऱ्या आणि पुष्कळशी दुकाने बंद राहतात. एरवी गजबजलेल्या लातूर शहराचे रस्ते दुपारी ओस पडतात. परक्या गावचा मनुष्य त्या दिवशी तेथे उतरला तर गावावर काही संकट ओढवले की काय, असे त्याला वाटावे! ज्यांचे शेत जवळ आहे ते आजही पायीच निघतात. आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेतलेला कर्ता पुरुष पुढे, दुरड्या घेतलेल्या बाया मागे, आणि त्यांच्या पुढेमागे धावणारी मुले, असा हा लवाजमा असतो.

येळवशीला जेवणाइतकीच वाटही महत्त्वाची आहे. दुरडीत जे शिजवून ठेवले आहे, ते या वाटेवर जागोजाग कच्च्या रूपात उभे असते. ओढा ओलांडून रानात शिरले की प्रथम तूर भेटते. ती जूनमध्ये पेरलेली. सोयाबीन, मूग, उडीद ही तिची सोबतीण पिके केव्हाच काढून झालेली असतात, आणि ती एकटी पुरुषभर उंच उभी असते. तिच्या शेंगा सोलून खात खात पुढे जाण्यास कोणाची आडकाठी नसते. पुढे हरभऱ्याचे शेत येते. हरभऱ्याच्या पानांवर अगदी बारीक लव असते व तिच्यातून आंबट रस पाझरतो. त्याला 'आंब' म्हणतात. सकाळच्या दहिवरात उघड्या पायांनी या शेतातून चालले तर पोटऱ्या चुरचुरतात. पूर्वी पहाटे झुडपांवर स्वच्छ धडके अंथरून दहिवरासह ही आंब टिपून घेत, पिळून बाटलीत साठवत आणि पोटदुखीवर देत. हरभऱ्याचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडतात. शेंडा खुडल्याने झाडाचे काही नुकसान होत नाही. उलट त्याला बगलेतून अधिक फांद्या फुटतात. म्हणजे आजीने भाजी खुडली, ती पिकाला मानवली!

एखादे रोप हलकेच उपटून त्याच्या मुळ्या पाहाव्यात. त्यांवर बारीक गाठी दिसतात. या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र घेऊन तो झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, भुईमूग या सर्वांच्या मुळांवर अशा गाठी असतात. भज्जीत पडणारे बहुतेक दाणे याच कुळातील आहेत, आणि हे कूळ आपले पीक देताना जमिनीचा कसही राखते. मराठवाड्यातील शेतकरी पिढ्यान्पिढ्या ज्वारीला तुरीची जोड देत आला. जिवाणूंचे नाव त्याला कोणी सांगितले नव्हते. रान कशाने सुधारते हे मात्र त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईचे पट्टे दिसतात. तिची पाने व बोंडे काटेरी असतात, म्हणून गुरे तिच्या वाटेस जात नाहीत आणि आतील ज्वारी आपोआप राखली जाते. तिची कोवळी पाने भाजीला होतात, बियांचे तेल निघते आणि पिवळी-केशरी फुले बांधाला शोभा आणतात. ज्वारी या सुमारास पोटरीत असते, म्हणजे कणीस अद्याप पानाच्या गुंडाळीत दडलेले असते. म्हणून काही घरांतून येळवशीच्या नैवेद्याला काळ्या आईचे डोहाळजेवण म्हणतात. ज्वारी पोटुशी आहे, तिच्या आईला गोडधोड खाऊ घालावे, असा तो भाव आहे.

शेताच्या मध्यावर किंवा एखाद्या झाडाखाली कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली असते. कोप म्हणजे तिकोनी आकाराची लहानशी झोपडी. तिच्या आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. ते पाच पांडव होत. जवळच लक्ष्मीची मांडणी असते. कोपीला शाल किंवा कोरे वस्त्र गुंडाळतात, पूजा होते, सर्व पदार्थांचा नैवेद्य दाखवतात. मग घरातील एक जण आंबील घेऊन कोपीभोवती आणि शेतातून ती शिंपडत फिरतो. त्याच्यामागे मुले एक जुना घोष मोठ्याने म्हणत जातात. त्यातील शब्दांचा अर्थ आता फारसा कोणास कळत नाही. कळत नसल्याने आरोळीचा जोर मात्र तसूभरही कमी होत नाही.

यानंतर पंगत बसते. उन्हे माथ्यावर आलेली असतात, चालून पाय दुखत असतात आणि भूक चांगलीच चेतलेली असते. पत्रावळीवर भज्जीचा ढीग, त्यात कुस्करलेला उंडा, वरून तेलाची किंवा तुपाची धार, शेजारी खीर आणि हातात आंबिलीचा पेला. मिरचीने जीभ पोळली की आंबिलीचा घोट घ्यावा आणि आंबिलीने तोंड निवले की पुन्हा भज्जीकडे वळावे, असे हे चक्र चालते. आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ज्वारी-बाजरीत एका आवश्यक घटकाची उणीव असते, ती डाळी भरून काढतात. आणि डाळींत दुसऱ्या एका घटकाची उणीव असते, ती धान्ये भरून काढतात. यामुळे उंडा आणि भज्जी एकत्र खाल्ल्याने शरीराला उत्तम प्रथिने मिळतात. बाजरीत लोह आहे, तिळात स्निग्धता आहे. ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यांकडे जगाचे लक्ष वेधावे म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. रेणापूरच्या शिवारात ही धान्ये येळवशीच्या पानावर फार आधीपासून आहेत.

जेवण झाले म्हणजे येळवस संपली असे नाही. खरे तर तिचा रंगतदार भाग येथून सुरू होतो. आपल्या शेतातील पंगत आटोपली की लोक बांधावरून दुसऱ्याच्या शेतात जातात. तेथे पुन्हा आग्रह होतो. 'या पाव्हणं, घोटभर आंबील तरी घ्या' असे म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. एका शेतातील आंबील लसणाने झणझणीत, दुसरीकडची ताकाने गोडसर. एकीकडे तिळाची पोळी खुसखुशीत, दुसरीकडे धपाटे चविष्ट. दुपार उतरेपर्यंत चार शेते हिंडून झालेली असतात आणि प्रत्येक शेतात काही ना काही चाखलेले असते. पोट तुडुंब भरले तरी पाय चालत असल्यामुळे पुढच्या बांधावर थोडी जागा होते! मुले झाडाला झोके बांधतात, पतंग उडवतात, बोरे वेचतात.

चालावे, शिवार पाहावे आणि त्या त्या जागचे अन्न चाखावे, ही हौस जगात इतरत्रही आहे. फ्रान्स देशात 'बालाद गुर्मांद' नावाच्या सहली निघतात. त्यांचा अर्थ चवीची भटकंती असा करता येईल. द्राक्षमळ्यांतून काही किलोमीटरांची वाट आखलेली असते. लोक पायी निघतात आणि वाटेवरील एकेका मुक्कामी जेवणातला एकेक पदार्थ त्यांना वाढला जातो. कोठे तेथील चीज, कोठे भाजलेले मांस, शेवटी गोड पदार्थ, आणि मोठ्यांसाठी त्याच मळ्यातील द्राक्षांचे मद्य. फ्रेंच लोकांना आपल्या जेवणाचा एवढा अभिमान आहे की २०१० साली त्यांच्या मेजवानीच्या परंपरेचा युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. त्यांच्या भाषेत 'तेर्वार' असा एक शब्द आहे. एखाद्या जागेची माती, हवा, उतार आणि तेथील माणसांचे कसब यांमुळे अन्नाला जी खास चव येते, तिचा बोध या एका शब्दाने होतो. आपल्याकडे तसा शब्द नसला तरी ती गोष्ट आहे. २०२४ साली लातूर जिल्ह्यातील तीन पदार्थांना भौगोलिक मानांकन मिळाले: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. भज्जीच्या कढईकडे पाहिले तर चिंच, तूर आणि कोथिंबीर या तिन्ही वस्तू तिच्यात एकत्र नांदताना दिसतात.

फ्रान्समधील त्या सहलींत आणि येळवशीत एक मोठा फरक आहे. तेथे बहुधा आधी नाव नोंदवून पैसे भरावे लागतात. येळवशीला तिकीट नाही. ज्याला शेत नाही, त्याला शेतवाल्याने बोलवावयाचे असा रिवाज आहे. नोकरीनिमित्त लातुरात राहणारे शिक्षक, कारकून, बँकेतील मंडळी यांना दोन-तीन ठिकाणची आवतणे असतात. शिवारात कोणी उपाशी राहू नये, हा या सणाचा दंडक आहे.

मात्र हे सांगताना जुन्या काळाचे चित्र नुसतेच गोड रंगवणे योग्य होणार नाही. ज्यांच्या घामावर ते शेत पिके, त्या सालगड्यांना आणि मजुरांना एके काळी पंगतीत सर्वांच्या ओळीला बसता येत नसे. जातीच्या नावाखाली कित्येकांना दूर, बांधाच्या पलीकडे बसावे लागे आणि वरून वाढलेले अन्न घ्यावे लागे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याची शाई वाळायला एक दिवस पुरतो. पंगतीची ओळ सरळ व्हायला पिढ्या लागतात. एखाद्या शेतात येळवशीची पंगत कशी आहे, हे पाहावयाचे झाल्यास भज्जीची चव पाहण्याआधी त्या ओळीकडे पाहावे.

शिवारही पूर्वीचे राहिलेले नाही. लातूरच्या बाजारात आज सोयाबीनचा बोलबाला आहे. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत हाती येते आणि रोख पैसा देते. खरिपातील ज्वारीची कणसे काढणीच्या वेळी पावसात सापडली तर काळी पडत, मग त्या दाण्याला भाव मिळत नसे. रब्बी ज्वारीच्या काढणीला मजूर मिळत नाहीत. पाखरे आणि रानडुकरे यांचा उपद्रव वेगळाच. शेतकऱ्याने हिशेब केला आणि ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. त्याला यासाठी दोष देता येणार नाही. मुलांचे शिक्षण, औषधपाणी आणि कर्जाचा हप्ता हे सारे रोख पैशातच चुकते करावे लागते. परंतु त्याचा परिणाम येळवशीच्या दुरडीत स्पष्ट दिसतो. पूर्वी भज्जीचा बहुतेक ऐवज घरच्या रानातून निघे. आता सणाच्या आदल्या दिवशी लातूरच्या बाजारात भज्जीच्या भाज्यांचे ढीग लागतात आणि लोक पिशव्या भरभरून त्या विकत नेतात.

अशाच एका शेतात शहरात शिकणारा एक नातू आजोबांच्या मागे मागे बांधावरून चालला होता. सकाळपासून प्रत्येक पीक ओळखण्याचा त्याने सपाटा लावला होता. तूर झाली, हरभरा झाला. मग तो थांबला.

"आबा, भज्जीत वाटाणा होता, गाजर होतं. आपल्या रानात ते कुठं हाय?"

"रानात न्हाई बाबा. काल बाजारातून आणलं."

"आन् ज्वारी?"

आबांनी ओढ्याकडच्या दोन तासांकडे बोट दाखवले. "तेवढी पेरलीय. कोपीला कडबा लागतो म्हनून."

घरातील सर्वांनी ती दोन तासे पेरण्याला विरोध केला होता. तेवढ्या जागेत हरभरा बरा झाला असता. पण गेल्या साली कडबा न मिळाल्याने उसाच्या पाचटाची कोप करावी लागली, आणि शेजारच्या रानात तर चार काठ्यांवर निळी ताडपत्री टाकून पांडव बसवले होते. पांडवांनी तक्रार केली नाही. आबांना मात्र ते पाहवले नव्हते.

"पुढच्या साली वाटाणा मी लावू?" नातवाने विचारले.

"पाणी कोन देईल?"

हा प्रश्न या मुलखात साधा नाही. हरभरा आणि ज्वारी जमिनीतील ओलाव्यावर तग धरतात, वाटाण्याला आणि गाजराला पाणी द्यावे लागते. रेणा नदीवर धरण आहे. पण पाऊसच रुसला तर धरण तरी काय करील? २०१५ सालच्या अपुऱ्या पावसानंतर लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या जिल्ह्यात माणसांसाठी पाणी रेल्वेने येते, तेथे एका सणाच्या भाजीसाठी वाफा भिजवणे ही चैन ठरते. आबांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग बिंदगीत तळाला उरलेली आंबील त्यांनी नातवाच्या पेल्यात ओतली आणि बिंदगी धुतलेले पाणी तुरीच्या बुडाशी टाकले. "विहिरीजवळ दोन हात जागा हाय," ते म्हणाले, "सांडपाण्यावर येतंय का बघ."

दिवस कलू लागला की कोपीजवळ तीन दगडांची चूल मांडून नव्या बोळक्यात दूध तापवतात. ते मुद्दाम उतू जाऊ देतात. ज्या बाजूला दूध सांडेल त्या बाजूला येत्या साली पीक चांगले येणार, अशी समजूत आहे. ती खरी की खोटी हे पाहण्यास वर्षभर थांबावे लागते, आणि तोपर्यंत कोणाच्याही स्मरणात ती बाजू राहत नाही. तरी दूध वर येऊ लागले की सगळे श्वास रोखून पाहतात. अंधार पडताच कडब्याची किंवा गवताची लांब पेंढी बांधून पेटवतात. तिला हेंडगा म्हणतात. हेंडगा हातात धरून एक जण शेताला फेरी घालतो. अमावास्येच्या काळ्याभोर रात्री या बांधावर एक, त्या बांधावर एक, असे कितीतरी हेंडगे रेणाकाठच्या शिवारातून फिरताना दिसतात. पाऊलवाटांवरून रिकाम्या दुरड्या गावाकडे परततात.

कोप मात्र मोडत नाहीत. थोड्याच दिवसांत ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागतो आणि पाखरांचे थवे उतरू लागतात. त्यांना हाकलण्यासाठी गोफण घेऊन जो राखणीला येतो, तो थंडीवाऱ्यात त्याच कोपीच्या आडोशाला बसतो. पांडवांचे दगड त्याच्या पाठीशी असतात, आणि पुढ्यात कुठूनतरी मागून आणलेल्या चार कणसांचा हुरडा गोवऱ्यांच्या आगट्यात भाजत असतो.